झाडीपट्टी रंगभूमीच्या संदर्भात नाट्यवेशभूषाकाराची घडण

बीजसंज्ञा : झाडीपट्टी रंगभूमी, आहार्य अभिनय, वेशभूषा, कपडेपट, आदिवासी वेश, कोसा

प्रस्तावना :

पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या भातशेतीच्या, तलावांच्या व दाट जंगलाच्या प्रदेशास 'झाडीपट्टी' असे म्हटले जाते. धानाची कापणी उरकत आली, दिवाळी झाली की या प्रदेशात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या व्यवहाराचे केंद्र आहे. नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत; गावोगावची मंडळे तेथे येऊन नाटक, नटसंच आणि तारीख ठरवितात. मंडई किंवा शंकरपटाचे निमित्त असते, शेतात वा गावच्या मैदानात मंडप पडतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपते तेव्हा तांबडे फुटत असते. शासकीय अनुदानावर वा शहरी नाट्यगृहांवर विसंबून न राहता केवळ प्रेक्षकांच्या तिकिटांवर शतकाहून अधिक काळ टिकलेली ही रंगभूमी आहे.

या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली, तेव्हा पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका अशी त्यांच्या कार्याची नोंद घेतली गेली. आठशे भूमिका म्हणजे, किमान तत्त्वतः, आठशे वेश. हे वेश कोणी कल्पिले, कोणी बेतले, कोणी सांभाळले, याविषयी मात्र कोठे नोंद आढळत नाही. झाडीपट्टीवरील लेखनात नाटककार, नट, गायक आणि अलीकडे स्त्री-कलावंत यांना स्थान मिळाले. वेशभूषाकार हा जणू नाहीच. वस्तुतः ते काम होतच असते. थोडे नट स्वतः करतो, थोडे भाड्याने कपडे देणारा, थोडे रंगभूषाकार, थोडे शिंपी. हे विखुरलेले काम एका प्रशिक्षित व्यक्तीच्या हाती कसे येऊ शकेल, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील एखाद्या पदवीधर तरुणास वा तरुणीस त्यासाठी नेमके काय शिकावे लागेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आहार्य अभिनय आणि मराठी परंपरा :

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. वेश, अलंकार, रंगलेपन आणि रंगवस्तू यांचा समावेश आहार्य अभिनयात होतो. त्यालाच तेथे 'नेपथ्य' म्हटले आहे. आजच्या मराठीत 'नेपथ्य' हा शब्द केवळ रंगमंचावरील देखाव्यासाठी राहिला आणि वेशभूषा त्यातून बाहेर पडली, ही अर्थच्युती बोलकी आहे. भरताने वेशाचे शुद्ध, विचित्र आणि मलिन असे तीन भेद केले. मंगल व धार्मिक प्रसंगी शुद्ध, देव-दानव व राजे यांच्यासाठी विचित्र, उन्मत्त, प्रवासी व संकटग्रस्तांसाठी मलिन, अशी ही सर्वसाधारण विभागणी आहे. वेश हा व्यक्तीइतकाच अवस्थेचा निदर्शक आहे, हा यातील महत्त्वाचा विचार. एकाच पात्राचे वस्त्र पहिल्या अंकात शुद्ध आणि तिसऱ्या अंकात मलिन असू शकते. हा बदल योजणे म्हणजेच वेशभूषेचे संकल्पन होय.

मराठी रंगभूमीचा वेशविषयक इतिहास पाहता दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या सांगलीतील 'सीतास्वयंवर'पासून पौराणिक नाटकांचा भडक, संकेतनिष्ठ वेश रूढ झाला. पुढे संगीत नाटकांच्या काळात, विशेषतः १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत, खरे शालू, खऱ्या पैठण्या, खरे दागिने यांचा थाट आला. बालगंधर्वांच्या वेशाचे अनुकरण घराघरांतून झाले. कंपनीच्या कर्जात त्या वैभवाचाही वाटा होता, हेही नाट्येतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. झाडीपट्टीत हे दोन्ही प्रवाह येऊन मिळाले, पण त्याआधीपासून येथे दंडार होती. लुगडे नेसून, पायांत घुंगरू बांधून नाचणारे पुरुष-नट, अंगावर घरातलेच धोतर, हाती टिपऱ्या : दंडारीचा वेश गावातल्या पेटीतून निघे आणि सकाळी पुन्हा पेटीत जाई. नटाने स्वतःचे कपडे स्वतः आणावेत ही झाडीपट्टीतील रीत या मुळाशी जोडून पाहिल्यास ती निव्वळ काटकसर वाटत नाही.

कपडेपट आणि संकल्पन यांतील भेद :

'कपडेपट' हा नाट्यव्यवसायातील जुना शब्द. त्यात संग्रह, निगा आणि पुरवठा अभिप्रेत आहे. शिवाजी महाराजांचा जिरेटोप, मावळ्यांचे अंगरखे, पोलिसाचा गणवेश, वकिलाचा काळा कोट ही सामग्री भाड्याने मिळते व ती कोणत्याही नाटकाला लावता येते. संकल्पन याच्या उलट दिशेने चालते. ते संहितेपासून सुरू होते. वेशभूषाकार नाटक किमान तीनदा वाचतो : एकदा प्रेक्षक म्हणून, एकदा पात्रांचे वय, जात-वर्ग, व्यवसाय, ऋतू आणि काळ यांच्या नोंदीसाठी, आणि एकदा केवळ कपडे बदलण्यास मिळणारी मिनिटे मोजण्यासाठी. त्यातून प्रवेशनिहाय तक्ता तयार होतो. उभ्या रकान्यांत प्रवेश, आडव्यांत पात्रे, आणि प्रत्येक चौकटीत वस्त्र, दागिना, पादत्राण, केशरचना. या तक्त्यावरूनच कळते की चौथ्या प्रवेशाअखेर विधवा झालेली नायिका पाचव्या प्रवेशाच्या आरंभी रंगमंचावर आहे आणि मध्ये केवळ एका गाण्याचा अवकाश आहे.

येथे निर्णयाचा प्रश्न येतो. विधवा म्हटली की पांढरे पातळ, हा रंगभूमीचा व चित्रपटाचा संकेत. प्रत्यक्षात या दोन जिल्ह्यांतील खेड्यांत बहुसंख्य विधवा रंगीत लुगडे वा साडीच नेसतात. बदलते ते कपाळ, गळा आणि मनगट. कौटुंबिक नाटकांवर पोसलेल्या प्रेक्षकाला कुंकू आणि मंगळसूत्र यांची भाषा इतकी अवगत आहे की केवळ तेवढे वगळले तरी शेवटच्या रांगेपर्यंत अर्थ पोहोचतो. तरीही दिग्दर्शक पांढऱ्या पातळाचा आग्रह धरील, आणि त्याचेही कारण असते : मंडप मोठा आहे, कपाळ दिसत नाही, रंग दिसतो. वेशभूषाकाराने कोणता पक्ष घ्यावा याचे नियमपुस्तक नाही. परंतु दोन्ही पक्ष मांडता येणे हीच त्या व्यवसायाची पहिली पात्रता आहे.

शेतकऱ्याचे पात्र याहूनही अवघड झाले आहे. बंडी, धोतर आणि पांढरी टोपी हा वेश प्रेक्षक रंगमंचावर स्वीकारतो, पण तोच प्रेक्षक स्वतः पँट, बियाणे कंपनीचे नाव छापलेला टीशर्ट आणि डोक्याला दुपट्टा अशा वेशात समोर बसलेला असतो. रोवणीला जाणारी बाई साडी गुडघ्यापर्यंत खोचते आणि वरून नवऱ्याचा वा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढविते. हा वेश या पट्ट्यातील बांधाबांधावर दिसतो; रंगमंचावर मात्र त्याला अजून फारशी जागा मिळालेली नाही.

झाडीपट्टीच्या मंचाने घातलेल्या अटी :

शहरी नाट्यगृहासाठी शिकविले जाणारे वेशतंत्र येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. पहिली अट अंतराची. बंदिस्त नाट्यगृहातील सूक्ष्म भरतकाम येथील मंडपात वाया जाते. रंगाचे मोठे गट, काठाची रुंदी आणि आकृतीची बाह्यरेषा यांनाच महत्त्व. दुसरी अट प्रकाशाची. एलईडी दिव्यांमुळे आता गाण्यांच्या वेळी लाल, हिरवा, निळा असा गडद प्रकाश सहज मिळतो. हिरव्या प्रकाशात लाल वस्त्र काळपट दिसते, निळ्या प्रकाशात पिवळे वस्त्र मळकट दिसते. म्हणून नायिकेचा शालू निवडताना प्रकाशयोजनाकाराशी बोलणे अपरिहार्य ठरते. दुकानातील ट्यूबलाइटखाली पसंत केलेले कापड प्रयोगाच्या रात्री दगा देते ते याच कारणाने.

तिसरी अट थंडीची, आणि तिचा विचार कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पौष-माघातील रात्री उघड्या मैदानात गारठा दहा अंशांच्या आसपास वा त्याखाली उतरतो. प्रेक्षक चादरी-ब्लँकेटे पांघरून बसलेले असतात आणि नर्तिका बिनबाह्यांच्या पोशाखात असते. विंगेत स्वेटर घालून थांबायचे व प्रवेशाआधी काढून ठेवायचा, हा प्रचलित उपाय. त्वचेच्या रंगाचे अंतर्वस्त्र, दुहेरी अस्तर, घागऱ्याखाली सुती विजार अशी योजना मुळातच केली तर नटाचा आवाजही सुरक्षित राहतो. रात्रभर गाणाऱ्या नटाच्या दृष्टीने ही चैन नव्हे. त्यासाठी मात्र मापे घेताना आतील थराचा वाव धरावा लागतो. भाड्याच्या कपड्यांत तो नसतो.

चौथी अट मातीची. मंच मातीचा असो वा फळ्यांचा, धूळ असतेच. साडीचा घोळ आणि धोतराचा सोगा एका रात्रीत मळतो, दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी प्रयोग असतो आणि मधला दिवस टेम्पोत वा झोपेत जातो. धुण्यास वेळ नाही. उपाय साधे आहेत : काठाच्या आतील बाजूस बदलता येणारी पट्टी टाचणे, प्रमुख पात्रांचे दोन संच करणे, घामाचा संबंध येईल तेथे काढता येणारे बगलेचे अस्तर लावणे. पुढे येते ती घाई. तयार शिवलेली नऊवारी, बटणांखाली दडविलेले हुक, एकाच ओढीने सुटणारी नाडी ही घाईची तंत्रे. वेल्क्रो सोयीचा खरा, पण मंचावर माईक असतील आणि पडद्याआड तो ओढला गेला तर त्याचा कर्कश आवाज मैदानभर ऐकू जातो. खड्यांच्या जड चोळीची किणकिणही माईक टिपतो. अशा बाबी शिकण्यासाठी हंगामात दहा-वीस रात्री विंगेत उभे राहण्याला पर्याय नाही.

अरण्यवेशाचा प्रश्न :

भावेकालीन नाटकात सूत्रधारामागून विदूषक येई तो वनचराच्या वेषात. अरण्यात राहणारा म्हणजे हसण्याचा विषय, हा संकेत मराठी रंगभूमीच्या पहिल्या पायरीवरच उमटला आहे. पुढे हिंदी चित्रपटांनी पानांचे घागरे, कोळशाने माखलेली अंगे आणि डोक्यावर पिसे अशी एक नकली टोळी तयार केली, आणि ती शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून महाविद्यालयीन युवा महोत्सवांपर्यंत सर्वत्र पोहोचली. गोंड, माडिया, परधान, कोलाम समाजांची मुले ज्या वर्गांत बसतात त्याच महाविद्यालयांच्या मंचावर हा वेश चढविला जावा, ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही.

अज्ञान हे याचे एक कारण आहे, आणि ते दूर करण्याची साधने उपलब्ध आहेत. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या बस्तरमधील मारिया गोंडांवरील १९३८ च्या ग्रंथात डोंगरी मारिया आणि गव्याच्या शिंगांचा शिरोभूषण वापरणारे मारिया असा स्पष्ट भेद केलेला आहे. शिंगांचा मुकुट ही दुसऱ्या गटाची, तीही विवाहनृत्याशी निगडित खूण. तिला 'माडियांचा पोशाख' म्हणून भामरागड-एटापल्लीच्या कथानकात कोणाच्याही डोक्यावर चढविणे हे पेशवाईच्या नाटकात राजस्थानी साफा बांधण्यासारखेच होय. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ चा ग्रंथ चंद्रपूरला लागून असलेल्या प्रदेशाचा आहे, आणि त्यातील वर्णने जिवती, राजुरा, कोरपना या तालुक्यांच्या संदर्भात विशेष उपयुक्त आहेत. ग्रंथांहून जवळचे साधन म्हणजे वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या आज्या. मण्यांच्या माळा कोणत्या क्रमाने घालतात, गोंदण कोठे असते, लुगडे किती उंच नेसतात, हे त्या दाखवू शकतात. मात्र त्या सांगतात तो त्यांच्या तरुणपणीचा वेश असतो, हे ध्यानात ठेवून नोंदीसोबत अंदाजे काळ लिहावा.

एक उदाहरण सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल. क्रांतिवीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आली. त्यांचा जीवनपट नाट्यविषय म्हणून या भागात स्वाभाविकच आकर्षक आहे. वेशभूषाकाराने येथे प्रथम विचारावयाचे ते असे : नायक मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातील आहे. त्या काळातील जमीनदाराचा घरगुती वेश, दरबारी वेश आणि जंगलातील लढाईचा वेश एकच असेल का? त्याच्याबरोबरचे सैनिक वेगवेगळ्या समाजांतून आलेले असतील, तर सर्वांना एकच भगवे वा हिरवे उपरणे देऊन भागेल का? नवखा संकल्पक नायकाला एक तर शिवकालीन मावळा करतो, नाही तर पानांत गुंडाळतो. दोन्ही वेश सोयीचे आहेत, कारण दोन्ही भाड्याने मिळतात.

इंग्रज पात्रांच्या बाबतीतही अशीच घसरगुंडी होते. रंगमंचावर १८५८ चा इंग्रज म्हणजे लाल कोट, असे समीकरण आहे. परंतु एप्रिल १८५८ मध्ये चिंचगुंडी येथील छावणीवरील हल्ल्यात मारले गेलेले गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे कर्मचारी होते, सैनिक नव्हेत. त्यांना नागरी वेशात, उन्हाळ्याच्या दिवसांतील फिकट कपड्यांत दाखविले तर प्रसंगाचा अर्थच पालटतो : राज्यसत्ता बंदुकीच्या आधी तारेच्या खांबांवरून या जंगलात शिरली, हे प्रेक्षकाला संवादावाचून दिसते. एका कोटाचा रंग बदलल्याने इतिहासाचे आकलन किती बदलू शकते याचे याहून नेमके उदाहरण या दोन जिल्ह्यांत तरी क्वचितच सापडेल.

शिक्षणाचे मार्ग :

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (स्थापना १९५९) तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात रंगतंत्र व अभिकल्प यांचे विशेष शिक्षण मिळते. इब्राहिम अल्काझी यांच्या संचालकत्वाच्या काळात रोशन अल्काझी यांनी तेथील प्रयोगांची वेशभूषा संशोधनाच्या पातळीवर नेली. प्राचीन भारतीय वेशावरील त्यांचा १९८३ चा ग्रंथ त्या कामातूनच उभा राहिला. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी ही महाराष्ट्रातील ठिकाणे. गडचिरोलीपासून मुंबई सुमारे हजार किलोमीटर आहे आणि तेथील राहण्याचा खर्च शेतमजूर कुटुंबातील विद्यार्थ्यास पेलणारा नाही, हे वास्तव दृष्टीआड करून केवळ या संस्थांची नावे सांगणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे.

भानू अथय्या यांचे उदाहरण म्हणूनच वेगळ्या अंगाने पाहावे. कोल्हापुरात १९२९ मध्ये जन्मलेल्या, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळविणाऱ्या या पहिल्या भारतीय संकल्पक मुळात चित्रकार होत्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्यांचा वेशभूषेतील प्रवेश सुईतून नव्हे, रेखाटनातून झाला. रेखाटन या दोन्ही जिल्ह्यांत शिकता येते. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा अनेक शाळांत होतात. शिवणकामाचे प्रशिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मिळते. नाट्यवाचनाचे शिक्षण मराठी विभाग देऊ शकतो, वस्त्रांचा इतिहास इतिहास विभाग, समाजांच्या नोंदी समाजशास्त्र विभाग. एकाच इमारतीत असलेले हे विभाग एका विद्यार्थ्यासाठी एकत्र येत नाहीत, एवढीच अडचण आहे. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये एका विद्यापीठाखाली आली असल्याने अशा पदविकेचा प्रस्ताव पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. तो आठवडाभराच्या कार्यशाळेवर भागवू नये. प्रमाणपत्र हाती पडते, पण बगलेचे अस्तर बसविता येत नाही, असे विद्यार्थी त्यातून बाहेर पडतील.

साहित्याच्या दृष्टीने हा प्रदेश दरिद्री नाही. ऐन आणि अर्जुन वृक्षांवर वाढणाऱ्या कोशांपासून निघणारा कोसा आरमोरी आणि नागभीड परिसरात विणला जातो. त्याचा मूळचा मधासारखा रंग पिवळसर प्रकाशात जरीशिवाय उठून दिसतो. संपूर्ण पोशाख कोशाचा करणे मंडळांना परवडणार नाही, हे खरे. पण राजवेशातील उपरणे वा पागोट्याचा शेव तेवढा खऱ्या कोशाचा आणि बाकी रंगविलेले सुती कापड, ही युक्ती थोड्या खर्चात साधते.

मोबदला, श्रेय आणि निगा :

झाडीपट्टीत अर्थव्यवहार रात्रीच्या हिशेबाने चालतो. नट, वादक, ध्वनी-प्रकाशवाले यांचे दर प्रयोगागणिक ठरतात. वेशभूषाकाराचे काम मात्र हंगामापूर्वी होते, आणि त्यामुळे त्याचा दर या चौकटीत बसत नाही. दोन भागांचा करार हा व्यवहार्य मार्ग दिसतो : संकल्पन व शिवणकामाची ठोक रक्कम आधी, आणि निगेसाठी प्रयोगागणिक अल्प रक्कम. पत्रकांवर 'रंगभूषा-वेशभूषा' असा जोडशब्द छापून दोन्ही कामे एकाच नावावर टाकण्याची पद्धत मराठी रंगभूमीवर सर्वत्र आहे. करारातच स्वतंत्र श्रेयाची अट घातल्यास पुढील हंगामात काम मिळण्यास त्याचा उपयोग होतो, कारण गावोगावची मंडळे पत्रकावरची नावे बारकाईने वाचतात.

होळीनंतर पेट्या बंद होतात आणि मग या अतिपर्जन्याच्या पट्ट्यातला पावसाळा येतो. ओल लागलेली जरी काळवंडते, डांबरगोळी तिच्यावर ठेवली तर अधिकच. म्हणून जरीचे कपडे सुती कापडात गुंडाळून वेगळे ठेवावे लागतात, कडुनिंबाचा वाळला पाला घालावा लागतो आणि उघडीप मिळताच सावलीत वारा द्यावा लागतो. याच काळात नोंदवही पूर्ण करावयाची : कोणती शिवण कोणत्या प्रवेशात उसवली, कोणता काठ किती रात्रींत झिजला, कोणत्या नटाचे माप बदलले. पोळ्यानंतर नव्या हंगामाची जुळवाजुळव सुरू होते आणि मंडळाचा मालक वडशाच्या कार्यालयात बसून पहिलाच प्रश्न खर्चाचा विचारतो. तेव्हा वेशभूषाकाराला आकडा सांगता येतो तो या वहीतून.